आधी खेळ, मग पेटी

चूक भाच्याची होती, आणि ती चांगली बारा बटणांची होती.

आत्या तेव्हा कंबर धरून अंथरुणात पडली होती. व्हिडिओ गेमच्या दुकानात तिने बावीस वर्षं मशिनं दुरुस्त केली. दुकान बंद पडल्यावर घरामागच्या शेडमध्ये ती तसलीच उभी कॅबिनेटं बनवायला लागली. आजवर एकही परत आलं नाही, हे ती ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात सांगायची.

नेमक्या त्या आठवड्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आले. "आम्हा दोघांना जुना गेम खेळायचाय," एवढंच म्हणाले. भाचा पडला डिप्लोमावाला, तो कशाला काही विचारतोय? रुंद स्क्रीन, दोघांना सहा-सहा बटणं, आठही दिशांना फिरणारी जॉयस्टिक. मारामारीच्या गेमला शोभेल असं राजेशाही कॅबिनेट त्याने स्वतः नेऊन पोचवलं.

चौथ्या दिवशी पोस्टमास्तर दारात उभे. "मशीन परत घ्या. ही म्हणते, माझे हात गेले आता."

"सवय होईल हो काकूंना," भाचा म्हणाला.

आत्याने आतून ते ऐकलं आणि कंबरेला पट्टा आवळला. "चल, इंजिनिअर. हात कुठे गेलेत ते बघून येऊ."

काकूंचा गेम भुलभुलैयाचा होता. लग्नाआधी जेवणाच्या सुट्टीत दोघं तो खेळायचे आणि त्या मशीनवर सगळ्यात वरचा आकडा काकूंचा असायचा. आता पहिल्याच वळणावर त्यांचा बाहुला भिंतीला नाक लावून थांबायचा, की मागून राक्षस हजर. त्यातून हा गेम उभट, स्क्रीन आडवी. पाकिटावर तिकीट चिकटवावं तसा तो मधोमध बसला होता.

आत्याने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून जॉयस्टिक ठोकलेली एक फळी काढून तिने काकूंच्या मांडीवर ठेवली. "डोळे मिटा आणि खेळा." काकूंचा हात वर, डावीकडे, खाली, खटाखट फिरला. गिऱ्हाइकाच्या तोंडापेक्षा त्याच्या हाताला विचारावं, ही आत्याची जुनी रीत.

"हात जागेवर आहेत," ती म्हणाली. "ह्या फळीवरचा दांडा चारच दिशांना जातो. मशीनवरचा तिरकाही जातो. तिरकं ह्या गेमला कळत नाही, म्हणून बाहुला अडतो. आणि बसूनच खेळणार ना तुम्ही?"

"गुडघे उभं राहू देत नाहीत," काकू म्हणाल्या. "ह्याने विचारलंच नाही मला."

भाच्याने फरशीचा बारकाईने अभ्यास केला. मग पुटपुटला, "एका दांड्याने असा काय फरक पडणार?"

"काम झालं की माझ्याशी एक डाव खेळ. कळेल," काकू म्हणाल्या.

"खेळतो की."

दोन दिवस त्यांच्या अंगणात काम चाललं. आत्या खुर्चीत बसून बोट दाखवणार, भाचा करवत चालवणार. कॅबिनेट वीतभर बुटकं झालं, स्क्रीन उभी झाली, जॉयस्टिकखाली चारच वाटा ठेवणारी पट्टी बसली. दहा बटणं निघाली, त्यांची भोकं भाच्यानेच बुजवली.

काकू खुर्ची ओढून बसल्या. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, बाहुला राक्षसाच्या नाकासमोरून निसटला. पोस्टमास्तर मागे उभे राहून आकडा मोठ्याने वाचत होते. सगळ्यात वर नाव टाकायची वेळ आली तेव्हा काकूंनी लग्नाआधीचं नाव टाकलं. पोस्टमास्तरांनी हरकत घेतली नाही. ते डोळे पुसत होते.

परतीच्या वाटेवर भाच्याने भीत भीत विचारलं, "आता एक परत आलं असं म्हणायचं का?"

"परत कुठे आलं? आपणच त्याच्याकडे गेलो," आत्या म्हणाली. तिची कंबर त्या दिवशी घरापर्यंत ताठ होती.

भाचा आता गिऱ्हाइकाला पाणी द्यायच्या आधी फळी देतो. फक्त पोस्टमास्तरांच्या गल्लीतून जाताना त्याची सायकल जरा जास्त पळते. खिडकीतून काकू ओरडतात, "अरे, माझा एक डाव यायचाय तुझ्याकडून."

"स्क्रू आणायला निघालोय, काकू. येताना खेळतो."

येताना तो दुसऱ्या रस्त्याने येतो.