सायलेन्सरातलं कुंभारणीचं घर

जनरेटरची दोरी वढली का घुरघुर अन् बंद. परत वढली, परत घुरघुर, परत बंद. तिकडे पलंगावर मायी पोट्टी हापत होती, तिले लहानपणापासूनच दमा, औषधाची भाप देणाऱ्या मशीनीले लाइट पाह्यजे अन् लाइट दुपारीच गेलेली. दवाखाना दूर, आमचे हे कारखान्यात ड्युटीवर. रायपूर राजधानी झाली म्हणत सारे. तिकडे चौबे कॉलोनीत झाली असंन, आमच्या सिलतऱ्याच्या बाजूले तं नुसती काळी धूळ.

त्या धुळीपायीच जनरेटरची साफसफाई मायावर पडली होती. सातवीतून शाळा सुटलेली मी, पण ह्यायनं शिकवलं तसं हवेचा फिल्टर काढाची, आतला फोम साबणाच्या पाण्यानं धुवाची, सावलीत वाळवाची, थोडंसं ऑइल लावून दाबून बसवाची. जनरेटर चालो का न चालो, दर हप्त्याले. पाणी काजळासारखं निघे. तरी काही बिघडलं का ऐकाचं एकच, "तूनं फिल्टर धुतला नसंन."

शेजारच्या भैयाले बोलावलं. त्यानं दोरी वढून पाह्यली.

"भाभी, फिल्टर साफ करो."

"सकाळीच केला न भैया!"

"तो ठीक से नहीं हुआ होगा." अन् हात पुसत चालला गेला.

मंग मी फिल्टरच काढून टाकला. तसं चालवलं तं धूळ आत जाऊन इंजिन खराब होते, माहीत होतं मले, पण करू काय? वढली दोरी. घुरघुर, बंद. हाताले फोड आले, रडू आलं, अन् राग असा का लाथच मारावी त्याले.

आतून सासूबाई वरडल्या, "अवं, पोट्टीचे ओठ पाह्य!"

मी धावली. ओठ निळे झाले होते, बरगड्याइत खड्डे पडून राहिले होते, श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजे. डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं, ह्या बिमारीत हवा आत तं जाते, बाहेर निघाले अडते. ते आठवलं अन् मी तशीच मागच्या अंगणात पळाली. हवा आत जायाचा रस्ता मी धूधू धुतला, पण धूर बाहेर निघाचा रस्ता कोणी पाह्यला होता?

सायलेन्सरचं तोंड भिंतीकडे. वाकून पाह्यलं तं मातीनं गच्च लिंपलेलं, अन् मातीवर हळदकुंकू.

बरेच दिवस लाइट गेली नव्हती, जनरेटर थंडा पडून होता, तेवढ्यात कुंभारीण माशीनं त्यात घर बांधलं. आमच्यात कुंभारणीचं घर मोडत नाईत, तिनं बांधलं का घरात पाळणा हलते म्हणतात. सासूबाईले नातू पाह्यजे होता. त्याइनं पूजा केली अन् मले सांगतलंच नाई, सून मोडंन म्हणून.

मी स्क्रू पिळाचा पेचकस उचलला. सासूबाई पोट्टीले खांद्यावर घेऊन दारात आल्या.

"नको वं! येणारा पोट्टा..."

"येणाऱ्याचं मले नका सांगू आई! ही आलेली आहे न, हिचं सांगा!"

बोलली अन् पेचकस सायलेन्सरच्या तोंडाशी नेला. सासूबाईनं पोट्टीच्या तोंडाकडे पाह्यलं.

"खुपस मंग. जल्दी."

माती फुटली, आतून माशीनं पिलाइसाठी भरून ठेवलेल्या हिरव्या अळ्या पडल्या. फिल्टर परत बसवला, दोरी वढली. काळा धूर भकभक निघाला अन् जनरेटर धडधडला. मशीनीचा मास्क सासूबाईनंच धरला पोट्टीच्या नाकावर, शिट्टी बारीक होत होत बंद होईपर्यंत. मंग त्याइनंच मागं जाऊन फुटलेली माती येचली, तुळशीच्या कुंडीत ठेवली.

हे ड्युटीवरून आले, जेवाले बसले. माया हाताले बांधलेलं फडकं पाह्यलं, सारं ऐकलं, अन् घास तोंडात घालता घालता म्हणतात कसे, "पण फिल्टर धुतला होता न तूनं?"

मी तं भांडंच आपटणार होती.

"धुतला होता तिनं," सासूबाई बोलल्या. "गुमान जेव."