पोट सैल सोड

वर्डेल पिटमनला मूलबाळ नव्हतं, आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गॅरीतल्या, कृष्णवर्णीयांच्या माउंट हेब्रॉन चर्चमध्ये ही गोष्ट तिला कुणी विसरू देत नसे. मुद्दाम टोचून बोलायचं कुणी असं नाही. पण मदर्स डेच्या रविवारी दारातच प्रत्येक आईच्या छातीवर फूल लावायची पद्धत होती, आणि फूल लावणारी मुलगी वर्डेलसमोर आली की घुटमळायची. म्हणून त्या रविवारी वर्डेल सकाळपासून चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरातच असे. कोंबडी तळायला कुणीतरी लागतंच, असं ती म्हणे. तिच्या हातची कोंबडी लोक बोटं चाटत खायचे, त्यामुळे ती वर का येत नाही हे कुणी विचारलं नाही.

तिने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. अर्धं गाव तिच्या बसमधून शाळेत गेलेलं. आता टक्कल पडलेले बाप्ये पेट्रोल पंपावर तिला हटकायचे.

"मिस वर्डेल, मला रोज पुढच्या सीटवर बसवायच्या तुम्ही, आठवतंय?"

"अजूनही बसवीन. तुझ्या तोंडाची टकळी थांबली का सांग आधी."

नवरा रॉस्को पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. अबोल, पण घर धरून राहणारा माणूस. त्याची छाती खराब झाली आणि तो गेला, तेव्हापासून वर्डेलची झोपही गेली. रक्तदाब चढला. डॉक्टरने गोळ्या वाढवल्या, मीठ तोडलं, आणि वर सांगितलं की मनावर ताण घेऊ नका. ताण काय मी दुकानातून आणते का, असं ती घरी येऊन एकटीच पुटपुटली.

तिला चर्चच्या तळघरात ओढून नेलं ते लुबर्था स्नीडने. लुबर्था तिची जुनी मैत्रीण. पाच मुलं, चौदा नातवंडं, आणि जीभ अशी की दारात उभी राहिली तर घरातलं दूध नासेल. "तुला काय कळणार गं, तुझ्या घरात कधी पोर तापाने फणफणलं नाही," हे वाक्य ती महिन्यातून एकदा तरी टाकायची. टाकल्याचं तिच्या लक्षातही यायचं नाही. वर्डेल हसून सोडून द्यायची.

"आयर्मा जीन खाली काहीतरी बसायचं शिकवते म्हणे," लुबर्था म्हणाली. "श्वास बघायचा. फुकट आहे. कॉफीपण असते."

"श्वास घ्यायला मी शिकवणीला जाऊ?"

"तुला घेता कुठे येतोय. कुत्र्यासारखी धापा टाकतेस जिन्यावर."

आयर्मा जीन व्हिटलो निवृत्त परिचारिका होती. साठीपुढच्या बायकांना गोळा करून ती दर गुरुवारी तळघरात तासभर शांत बसवायची. चर्चमध्ये त्यावर कुजबुज होतीच. चर्चचा कारभार बघणाऱ्या एका वडीलधाऱ्या डीकनने तिला जिन्यातच गाठून विचारलं होतं, "डोळे मिटून येशूशिवाय कुणाला बोलावता तुम्ही खाली?"

"बोलावत कुणालाच नाही, डीकन," आयर्मा जीन म्हणाली. "आपणहून येतं त्याला हाकलत नाही, एवढंच."

खाली घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या असत. एकीचा मुलगा तुरुंगात होता, एकीचं डायलिसिस चालू होतं, एक दोन नातवंडांना वाढवत होती, कारण त्यांची आई नशेच्या पायी कुठे भटकत होती ते कुणालाच माहीत नव्हतं. पंच्याऐंशीच्या थिओला बाई सगळ्यांत थोरल्या. त्या बसल्या बसल्या घोरायच्या आणि कुणी त्यांना उठवायचं नाही.

पहिले काही गुरुवार वर्डेलला बरे गेले. तळपाय जमिनीला टेकलेत हे बघायचं, श्वास आत जातोय, बाहेर येतोय, बघायचं. शेवटचं पोर उतरवल्यावर बसचं इंजिन बंद करून आपण क्षणभर तशाच बसायचो, तसं वाटतं, असं ती लुबर्थाला म्हणाली. त्या आठवड्यात तिला झोपही लागली.

मग तो गुरुवार आला. आयर्मा जीन त्या दिवशी डोळे मिटायला लावून अंगाचा एकेक भाग सांगत होती. पाय. पिंढऱ्या. गुडघे. लुबर्था गुडघ्यापाशी कण्हली, तशा दोघी-तिघी हसल्या.

"आता पोट," आयर्मा जीन मऊ आवाजात म्हणाली. "पोटावर हात ठेवा. पोट सैल सोड, बाई. एकदम सैल."

वर्डेल उठली. खुर्ची मागे आपटली. थिओला बाई दचकून जाग्या झाल्या. वर्डेल जिना चढून, दार ढकलून, गाडीत जाऊन बसली. लुबर्था लंगडत मागे आली.

"अगं, पर्स राहिली ना तुझी! काय झालं काय?"

वर्डेलने खिडकीतून पर्स घेतली आणि गाडी काढली.

ते शब्द तिने आधी एकदा ऐकले होते. दक्षिणेत, मिसिसिपीत, अठराव्या वर्षी. पोटात कळा येत होत्या म्हणून आई तिला गावापासून लांबच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेली होती. दिव्याखाली निजवल्यावर एका गोऱ्या परिचारिकेने तिच्या पोटावर गार हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, पोट सैल सोड, पोरी. आवाजही असाच होता, मऊ. जाग आली तेव्हा टाके होते. अपेंडिक्स काढलं, असं सांगण्यात आलं.

पुढे ती उत्तरेला, गॅरीला आली. रॉस्को भेटला, लग्न झालं. वर्षं गेली, पाळणा काही हलला नाही. गॅरीतल्या एका डॉक्टरने तपासण्या केल्या आणि चष्मा काढून विचारलं, "तुमच्या गर्भाशयाच्या नळ्या कापून बांधलेल्या आहेत. तुम्ही करून घेतलंत ना हे?"

त्याच दिवशी तिने आईला फोन लावला.

"आई, तुला माहीत होतं?"

आई म्हणाली, "डॉक्टरने नंतर सांगितलं मला. मी कुणाकडे जाणार होते, वर्डेल? ज्याच्या शेतावर आपण राहत होतो, त्याचाच भाऊ तो. तू जिवंत घरी आलीस, एवढंच मी बघितलं."

"मला सांगायचं तरी."

"सांगून काय परत आलं असतं?"

वर्डेलने फोन ठेवला. त्यानंतर माय-लेकी वर्षानुवर्षं बोलल्या नाहीत. आई वारली तेव्हा ती मातीला गेली, सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि जेवायलाही न थांबता परत फिरली. रॉस्कोला तिने त्या फोनच्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. तो बाहेर गेला आणि आदल्याच दिवशी धुतलेली गाडी त्याने पुन्हा धुतली. मग आत येऊन जेवला. पुन्हा तो विषय त्याने कधी काढला नाही, आणि तिला सोडूनही गेला नाही. तिसऱ्या कुणाला तिने कधी सांगितलं नाही.

आता झोप पुन्हा उडाली. दोन गुरुवार ती गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात आयर्मा जीन घरी आली. येताना कोलार्डची पालेभाजी शिजवून आणली होती. डबा पायरीवर ठेवून ती बाहेरच्या खुर्चीत बसली.

"मी काय केलं ते सांग मला," ती म्हणाली.

"तू काही केलं नाहीस."

"उगाच कुणी खुर्ची पाडून जात नाही, वर्डेल."

समोरच्या पडक्या घराच्या अंगणात कुणीतरी यंत्राने गवत कापत होतं. ते यंत्र थांबलं. मग वर्डेलने सगळं सांगितलं, आईच्या फोनसकट. आयर्मा जीनने तिला मिठी मारली नाही, अरेरेही म्हटलं नाही.

"बाळंतिणींच्या वॉर्डात होते मी," ती म्हणाली. "हे शब्द मी हजार वेळा बोलले असेन. कुणाला काय आठवत असेल, हे कधी मनात आलं नाही माझ्या."

"तुला काय माहीत असणार."

"माहीत असायला हवं होतं. आपल्याच बायका आहेत." ती उठली. "तू ये नाहीतर नको येऊस. पण यापुढे कुणी कुठे हात ठेवायचा, हे मी सांगणार नाही. आणि डोळे उघडे ठेवले तरी चालतील."

वर्डेल गेली. भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशी बसली. तास संपता संपता तिचं तिलाच कळलं नाही, ती बोलायला लागली. सगळं नाही सांगितलं. इस्पितळ, टाके, नळ्या, एवढंच. डायलिसिसवाल्या बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. थिओला बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीचंही असंच केलं. तिकडेच," आणि ओठ मिटून घेतले. लुबर्था तर अशी हमसून रडायला लागली की रुमाल वर्डेललाच पुढे करावा लागला.

"मी तुला काय काय बोलले गं," लुबर्था म्हणत राहिली. "माझ्या जिभेला हाड नाही."

"नाही, नाहीच आहे," वर्डेल म्हणाली, आणि सगळ्या ओल्या डोळ्यांनी हसल्या.

खाली बोललेलं खालीच राहील, असं आयर्मा जीनने जाताना पुन्हा बजावलं. त्या दिवशी वर्डेलला हलकं वाटलं.

पण पुढच्या रविवारी चर्चच्या दारात एका बाईने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. बाजारात दुसरीने तसंच केलं. "आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय," तिसरी म्हणाली. वर्डेल तडक लुबर्थाच्या घरी गेली.

"कुणाला सांगितलंस?"

लुबर्था भांडी घासत होती. तिने मागे वळून बघितलं नाही. "पास्टरच्या बायकोला. एकटीलाच. प्रार्थनेसाठी."

"माझ्या पोटासाठी प्रार्थना कर असं मी म्हटलं होतं तुला?"

"मला ते मनात ठेवून झोप लागेना, वर्डेल."

"मी पन्नास वर्षं ठेवलं ना मनात," वर्डेल म्हणाली आणि दार न लावताच निघून गेली.

आठवड्याभरात पास्टरचा फोन आला. माणूस तरुण होता, वाईट नव्हता. रविवारी वर्डेलने सर्वांसमोर उभं राहून आपली कहाणी सांगावी, साक्ष द्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. दक्षिणेत काळ्या बायकांना न विचारता काय केलं जायचं, हे नव्या पिढीला कळायला हवं. जखमेतून देवाचा महिमा दिसतो.

"पास्टर, ते माझं आहे," वर्डेल म्हणाली. "देवाला माहीत आहे, तेवढं पुरे."

"विचार करा, सिस्टर पिटमन."

"केलाय. नाही म्हणजे नाही."

तरी त्या रविवारी, प्रवचनाच्या शेवटी, आवाज चढवत चढवत तो तिथवर आलाच. नाव त्याने घेतलं नाही. आपल्यामध्ये एक माउली बसली आहे, तो म्हणाला, जिची कूस चोरीला गेली, आणि तरी तिने शेकडो लेकरांना रोज सुखरूप घरी पोचवलं. "तिच्यासाठी उभे राहा, चर्च."

बाकं करकरली. सगळे उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या, ऑर्गनवाल्याने सूर धरला. माना वर्डेलकडे वळायला लागल्या.

तिला पळून जावंसं वाटलं, पण दारापर्यंत सगळ्यांच्या पुढून जावं लागलं असतं. तिने दोन्ही तळपाय जमिनीला टेकवले. श्वास आत जाताना तिला कळला, बाहेर येताना कळला. ती बसून राहिली, समोरच्या बाकावरची गाण्यांची पुस्तकं बघत.

तेव्हा तिला दिसलं, रांगेच्या दुसऱ्या टोकाला आयर्मा जीनही बसलेली होती. थिओला बाई बसल्या होत्या, आणि त्या घोरत नव्हत्या. पलीकडे डायलिसिसवाली बसली होती. नातवंडांना वाढवणारी उभी होती, ती आजूबाजूला बघून खाली बसली. पुढच्या रांगेत लुबर्था टाळ्या वाजवत उभी होती. तिने मागे वळून बघितलं, तिचे हात थांबले, आणि दुखरा गुडघा धरून, बाक धरून, तीही खाली बसली. टाळ्या विस्कटत गेल्या. पास्टरने घाम पुसला आणि देणगीची थाळी फिरवायला सांगितली.

बाहेर गाड्यांपाशी लुबर्थाने तिला गाठलं.

"मी आधी उभी राहिले. सवयीने."

"बघितलं मी."

"आता मी काय करू, सांग."

"काही करू नकोस. कधीतरी काहीच करू नकोस."

"वर्डेल, मला माफ..."

"आज नाही, लुबर्था," वर्डेल म्हणाली. रागाने नाही, दमून म्हणाली.

पास्टर नंतर केक घेऊन घरी आला. वर्डेलने त्याला खुर्ची दिली, केक कापला आणि तो बोलायला लागला तशी म्हणाली, "खाऊन घ्या आधी." तो समजला असावा. गप्प बसून त्याने केक खाल्ला, जाताना टोपी हातात धरून "माझं चुकलं" एवढंच म्हणाला.

गुरुवारची बैठक चालू आहे. दोघी-तिघींनी येणं सोडलं. चर्चमध्ये भांडण लावलं या बायकांनी, असं त्या म्हणतात. वर्डेलचा रक्तदाब जरा उतरला होता, पुन्हा चढला. पोटावर हात ठेवणं तिला अजून जमत नाही. हल्ली शांत बसलं की आई येते. इस्पितळाच्या वऱ्हांड्यात उभी, रविवारचे बूट घातलेली, कुणाला काही विचारायची छाती होत नाही अशी. वर्डेलला तिचा राग येतो. मग कधी तिची कीव येते, आणि लगेच त्या कीवेचाही राग येतो.

"हे किती दिवस चालायचं?" तिने आयर्मा जीनला एकदा विचारलं.

"माहीत नाही मला," आयर्मा जीन म्हणाली. "खरंच माहीत नाही."

लुबर्थाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तिच्या पाच मुलांपैकी कुणाला गुरुवारी सवड नसते, म्हणून वर्डेलच तिला गाडीतून आणते आणि सोडते. जिना चढताना लुबर्था तिच्या खांद्याचा आधार घेते. वाटेत दोघी अजून फारसं बोलत नाहीत. रेडिओ चालू असतो.