पटवाल्याचा सत्कार

ज्या कलावंताचा सत्कार करायचा, त्याचंच चित्र सत्काराच्या चार दिवस आधी कापून ठेवणारी अध्यक्षा साऱ्या रायगड जिल्ह्यात एकच होऊन गेली, आणि ती मी. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते, पेणच्या आमच्या महिला मंडळाची अध्यक्षा होते, आणि आपल्याला कलेतलं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. ज्याचं चित्र कापलं तो आमचा पटवाला. त्याच्याइतका रांगेने गोष्ट सांगणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

हा बंगालचा, मेदिनीपूरकडचा. तिकडे यांच्या घराण्यांत कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर एकाखाली एक चित्रं काढतात, मागून जुन्या लुगड्याचं कापड चिकटवतात आणि दारोदार जाऊन एकेक चित्र उलगडत, त्यावर बोट ठेवून गाऊन दाखवतात. तोच पट. पेणला तो आला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला. हात असा, की कुठेही उभं राहा, गणपती आपल्याकडेच बघतोय. पण डोळा आखण्याआधी प्रत्येक मूर्तीला दोन ओळी गाऊन दाखवायच्याच. "न गाता डोळा उघडला तर तो बघणार काय, काकी?" मालक कपाळाला हात लावायचा; पुढे गिऱ्हाइकं 'त्या गाणाऱ्याच्या हातची द्या' म्हणायला लागली तेव्हा मुकाट झाला.

गोष्टीचा शेवट आधी सांगणं हे त्याच्या लेखी पाप. एकदा धापा टाकत माझ्या दारात आला. "काकी, काका घरातून निघाले. डोक्यावर टोपी. स्कूटर निळी." दोन्ही हातांनी हवेतच पट उलगडत होता. "अरे, पण झालं काय?" "बाजारात आले. कोथिंबीर घेतली. समोरून म्हैस आली." "मेल्या, जिवंत आहेत ना रे?" "थांबा काकी, ते चित्र अजून आलं नाय!" इतक्यात आमचे हे स्वतःच लंगडत, कोथिंबिरीची जुडी धरून दारात उभे राहिले. माझा जीव भांड्यात पडला, आणि हा मात्र नाराज. शेवटचं चित्र न बोलावता आलं!

एका वर्षी आमच्या खारेपाटात बांधाला खांड पडली आणि खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरलं. हा गावकऱ्यांबरोबर चिखलाच्या पाट्या टाकायला गेला आणि दिवाळीनंतर, कारखाना थंड असताना, त्यावरच त्याने पट केला. नऊ चित्रं. पहिल्यात हिरवं भात, दुसऱ्यात बांध पोखरणारा खेकडा, मग उधाण, मग खांड, असं करत शेवटी बांधलेला बांध. हा पट त्याला गावी वडिलांना दाखवायचा होता. निघताना ते म्हणाले होते, "दुसऱ्यांच्या देवांचे डोळे काढशील आणि आपलं गाणं विसरशील." ते त्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

तेवढ्यात आमच्या मंडळाने ठरवलं, की पोटासाठी दूरदेशाहून इकडे आलेल्या कलावंतांचा सत्कार करायचा, आणि तो रोह्याला, कारण तिथे शेजारच्या वरसे गावात कंपनीवाल्यांच्या खोल्यांतून सारा हिंदुस्थान नांदत होता. पटवाल्याने विश्वासाने पट माझ्याकडे ठेवायला दिला. मला वाटलं, एवढी सुंदर चित्रं आणि गुंडाळून ठेवायची? गेले रोह्याच्या फ्रेमवाल्याकडे. तो म्हणाला, "बाई, एवढी लांब काच मिळायची नाय." म्हटलं, "मग कापा की! नऊ फोटो करा." सरळ कापलं जावं म्हणून पट्टीसुद्धा मीच धरली.

सत्काराच्या दिवशी भिंतीवर नऊ काचा चकाकत होत्या. पटवाला आत आला, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकच शब्द बोलला, "कापला?" माझ्या हातातली शाल माझ्याच हातात राहिली. त्याने डोळे पुसले, घसा साफ केला आणि पहिल्या काचेवर बोट ठेवून गायला सुरुवात केली.

आता फ्रेमवाल्याने काचा लावल्या होत्या रंग बघून. हिरव्या एकीकडे, निळ्या दुसरीकडे. दुसऱ्या काचेत पाणी थेट हिरव्या दारातून घरात शिरलेलं, आणि खारेपाटातून टेम्पोने आलेली एक म्हातारी ओरडली, "आरं, बांध फुटला नाय तं पाणी घरात शिरला कसा? खेकडा खंय?" "तिकडे हाय, आजी!" म्हणत हा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला धावला. तिथून उधाणासाठी मधे, खांडीसाठी परत कडेला. गाणं मात्र एका श्वासानेही तुटलं नाही. खुर्च्या सरकल्या. शिफ्ट संपवून आलेले बिहारी, ओडिया, तेलुगू कामगार, आमच्या पैठण्या, ती म्हातारी, सगळे त्याच्या मागे धावत होते. शेवटच्या काचेपाशी म्हातारीने त्याच्या गालावरून हात फिरवला. "आमचा बांध ह्यो परमुलखातला पोर गातंय गो!" माझी छाती अशी फुगली, जणू तो पट मीच रंगवला होता.

मग मी माफी मागितली. तो म्हणाला, "शाल नको, काकी. जुनं सुती लुगडं द्या." माझ्या ओसरीवर बसून त्याने लुगडं अंथरलं, त्यावर बेलाच्या डिंकाने नऊ तुकडे ओळीने चिकटवले. आठ सांधे इतके बेमालूम मिटवले, की बोटालाही लागू नयेत. ती गुंडाळी काखेत मारून तो गावी गेला, आणि मी चार महिने घास गोड लागत नसल्याचं कुणाला सांगितलं नाही.

हंगामाला परत आला तेव्हा मीच कारखान्यात गेले. भोवती बिनडोळ्यांचे गणपती मांडलेले होते. विचारलं, "काय रे, काय म्हणाले वडील?"

त्याने कुंचला खाली ठेवला आणि म्हणाला, "बाबांना आता दिसत नाय, काकी. नुसतं ऐकलं. मग बोलले, 'गाणं विसरला नाहीस. पण आठ जागी अडखळलास. परत गा.'"