कधी न बसलेला सांधा

बाजारामागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या हाडवैद्याला सगळे खटका म्हणत. निखळलेला खांदा तो असा हिसडा देऊन बसवायचा, की खट्ट आवाज बाहेर पायरीवर बसलेल्यांनाही ऐकू यायचा. त्याआधी किंकाळी यायची, पण तिचं त्याला काही वाटत नसे. वडिलांनी त्याला धंदा शिकवला तोच तसा. एका सकाळी त्यांनी त्याचा स्वतःचा अंगठा ओढून निखळवला आणि म्हणाले, "बसव आता. मगच जेवायला ये."

"ओरड बिनधास्त," तो बाकावर आडव्या झालेल्याला सांगे. "इथे कुणी झोपलेलं नाहीये."

विटा वाहणारी एक बाई तिच्या तीनेक वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन आली. सोबत पोरीचा मामा होता, ट्रक चालवायचा. तो बाहेरच थांबला.

"पडली का?" खटक्याने विचारलं.

"नाही हो. चालायला लागली तेव्हापासून अशीच झुलते बदकासारखी. दुखत मात्र काही नाही."

खटक्याने पोरीला बाकावर निजवून दोन्ही गुडघे जवळ आणले. डावा गुडघा खाली राहिला. "खुबा निखळलाय. तू हिची छाती दाबून धर."

त्याने पाय ओढला. खट्ट आवाज आला नाही. पोरगी आधी खिदळत होती, आता तिने जीव खाऊन टाहो फोडला. त्याने बाकाला पाय लावून पुन्हा ओढलं. तरीही नाही. आजवर कुठला सांधा त्याच्या हातून असा सुटला नव्हता. त्याचं डोकं तापलं. दात-ओठ खाऊन त्याने मांडी पिळली, आणि आवाज आला. ओली फांदी मोडल्यासारखा.

हा आवाज कसला ते खोलीत एकट्या त्यालाच कळलं.

"बसला का?" आईने आशेने विचारलं.

पोरीचं रडणं मध्येच तुटलं, तिने डोळे फिरवले. मामा धावत आत आला. जिथे सांधाच नाही तिथे मांडी वाकलेली त्याने पाहिली. त्याने खटक्याचा उजवा हात बाकावर दाबला आणि पाला कुटायचा दगडी बत्ता उचलला.

"बसला का?" त्याने विचारलं आणि हाणला. "बसला का? सांग ना, बसला का?"

बोटांचा चेंदा झाला. खटका गुरासारखा ओरडत होता.

गावात हॉस्पिटल एकच, एक्स-रेची खोलीही एकच. खटक्याची बायको त्याचा हात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली, तेव्हा पोरीचा फोटो आधीच उजेडाच्या पाटीवर लावला होता. डॉक्टरीणबाई आईला समजावत होत्या. दार उघडंच होतं. खटका बाहेर भिंतीला टेकून बघू लागला.

"ही उजवी बाजू. वाटीत गोळा कसा बसलाय बघा. आणि ही डावी. गोळा वर सरकून बाहेर पडलाय आणि वाटी बशीसारखी उथळ आहे. हा सांधा निखळला नाही, बाई. तो कधी नीट बसलाच नव्हता. तान्ही असताना सोनोग्राफी झाली असती तर पट्टे बांधून भागलं असतं. आता ऑपरेशन." मग त्यांचं बोट खाली आलं. "आणि हे मांडीचं हाड. हे आज मोडलंय."

चाळीस वर्षं खटक्याने सांधे बोटांनी चाचपले होते. आतून सांधा तो पहिल्यांदाच बघत होता. ज्या वाटीत गोळा बसवायला त्याने एवढी ताकद लावली, ती वाटी धड झालीच नव्हती.

तेवढ्यात मामा खोलीतून बाहेर आला. खटक्याला बघताच त्याने झेप घालून त्याचा गळा धरला, डोकं भिंतीवर आपटलं. दोन वॉर्डबॉयनी मोठ्या मुश्किलीने त्याला ओढून काढलं.

हवालदार आला. "हात कोणी फोडला?"

"त्याने," खटका घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आणि पोरीची मांडी मी मोडली. दोन्ही लिहा."

"अहो, गप्प बसा ना," बायको रडत होती. तो गप्प बसला नाही.

दोघांनाही तुरुंग झाला. सुटून आल्यावर खटक्याची बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. थोरला मुलगा आता त्याच बाकावर लोकांचे सांधे बसवत होता. खटक्याने त्याला भर गिऱ्हाइकासमोर कानफटवलं आणि कुऱ्हाडीने बाकाच्या ढलप्या केल्या. त्या दिवसापासून मुलगा त्याच्याशी बोलायचा बंद झाला. कोणी तान्हं घेऊन आलं तर खटका दारातूनच खेकसायचा, "हात लावणार नाही. हॉस्पिटलात जा, सोनोग्राफी करून घ्या!"

एका संध्याकाळी ती विटावाली आली. तिने पोरीला अंगणात उभी केली. "चाल," म्हणाली.

पोरगी चालली. झुलणं गेलं होतं, पण डावं पाऊल किंचित ओढत होतं.

"बस ना जरा," खटक्याची बायको म्हणाली.

"बसायला नाही आले." आईने खटक्याकडे पाहिलं. "तू बघ. नीट बघून घे."

अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने पोरीला पुन्हा पुन्हा चालवलं. पोरगी कंटाळली, रडकुंडीला आली. खटक्याने मान खाली घातली की आई ओरडे, "वर बघ!" आणि तो वर बघे. मग तिने पोरीला कडेवर घेतलं, त्याच्या उंबऱ्यावर थुंकली आणि निघून गेली.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन उंबरा धुवायला निघाली. खटक्याने तिला अडवलं.

"राहू दे," तो म्हणाला.