धाकटीचे सगळे थांबे

माझी धाकटी जाऊ एकतीस वर्षं बसस्थानकात बोलायची. म्हणजे नोकरीच तिची ती. काचेची एक खोली, आत एक टेबल, एक माईक, भिंतीला वेळापत्रक आणि डोक्यावर पंखा. तो पंखा बोलताना बंद करावा लागे, नाहीतर त्याची घरघर सगळ्या फलाटांवर ऐकू जायची. उन्हाळ्यात एकेका गाडीपायी ती घामाघूम व्हायची. गाडी कुठून आली, कुठे चालली, वाटेत कुठेकुठे थांबणार, कितव्या फलाटावर लागली, सगळं एका दमात. गावात तिचा चेहरा ओळखणारे थोडे, आवाज ओळखणारे सगळे. दुकानात तिने अर्धा किलो साखर मागितली तरी दोन-चार माणसं आपापल्या पिशव्या उचलून उभी राहायची.

दोन भावांशी आम्ही दोघी लग्न करून आलो, एकाच घरात. मी थोरली, शाळा चौथीत सुटलेली. ती अकरावी पास. ती नोकरीला आणि मी ओट्यापाशी हे कुणी बसून ठरवलं नाही, आपलं होत गेलं. तिचा मुलगा माझ्या कडेवर वाढला. तिचा डबा मी भरला. आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. सकाळी ती मनगटावर घड्याळ बांधून निघाली की माझ्या हाताचा कांद्याचा वास मलाच नकोसा व्हायचा. तिला परतायला उशीर झाला की मी भांडी जरा जोरात घासायची. तोंडाने मी कधी काही बोलले नाही. भांडीच काय ती बोलायची.

एक गोष्ट मात्र आमच्या दोघींची होती. नवीन वेळापत्रक लागलं की संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती थांबे पाठ करायची आणि मी कागद धरून चुका काढायची. एकेक अक्षर लावत वाचायला मी तिथेच शिकले. मिठागर, जुना पूल, दीपगृह फाटा, लाकडाची वखार, घाटाचा पायथा, बोगदा, वरचं टपाल. ही सगळी ठिकाणं आमच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं वस्तीला होती. प्रत्यक्षात आम्हा दोघींपैकी कुणी एकाही ठिकाणी गेलं नव्हतं. तिला रजा नसायची आणि मला निमित्त नसायचं.

पुढे दोघींचेही नवरे गेले, मुलगा नोकरीसाठी लांब गेला आणि धाकटी निवृत्त झाली. तिच्या जागी स्थानकात यंत्र आलं. घरात आम्ही दोघी उरलो. मला वाटलं, चला, आता ही माझी. एकतीस वर्षं गाव ऐकत होतं, आता मी एकटी ऐकेन. पण ती गप्पच झाली. इतकी वर्षं बोलून झालेलं माणूस घरी काय बोलणार, अशी मी मनाची समजूत घालत राहिले.

आणि मग नर्सबाई. स्थानकासमोरच्या दवाखान्यात होत्या त्या. बावीस वर्षं दुपारचा चहा दोघी एका बाकावर प्यायच्या. डबा रोज चाटूनपुसून परत यायचा म्हणून मी खूश असायची. त्यातला निम्मा नर्सबाईंच्या पोटात जायचा हे मला त्यांच्या निरोप समारंभात त्यांच्याच तोंडून कळलं. "तुमच्या हाताला काय चव आहे हो वहिनी," म्हणाल्या. मी यांची वहिनी कधी झाले, देव जाणे.

निवृत्तीनंतर नर्सबाई शहरात राहायला गेल्या. गेल्या वर्षी एक दिवस त्यांचा फोन आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कानात बोलून धाकटीचे स्वतःचे कान जरा मंद झालेत, त्यामुळे ती फोन मोठ्या आवाजात लावून बोलते. मी आत डाळ धूत होते. सगळं ऐकलं. नर्सबाई म्हणत होत्या, माझ्या घराशेजारी अंधशाळा आहे, मुलांना पुस्तकं वाचून दाखवायला चांगल्या आवाजाचं माणूस शोधताहेत, माझ्याकडे एक खोली रिकामी पडलीय, येऊन राहा. आधी मी गाडी घेऊन येते, समुद्र बघू, डोंगर बघू, सावकाश शहरात पोचू, मग खोली बघ आणि ठरव.

डाळ तीनदा धुवायची ती मी सात-आठदा धुतली.

धाकटी आत आली आणि अर्धंच बोलली. चार दिवस नर्सबाईंबरोबर फिरायला जातेय. मग जरा थांबून, "तुम्ही येता का?"

मी नाही म्हणणार याची तिला खात्री होती. मला गाडी लागते, हे आमच्या सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. "येते की," मी म्हटलं. तिच्या तोंडावर जे आलं ते बघून मला फार बरं वाटलं.

मी समुद्र बघायला निघाले नव्हते. मी निघाले होते ती खोली तिला आवडू नये म्हणून.

नर्सबाई काळा चष्मा लावून आल्या. वय त्रेसष्ट, गाडी चालवतात दूधवाल्याच्या घाईने. धाकटी पुढे त्यांच्या शेजारी बसली आणि मी मागे, एक उशी, एक चादर, सगळ्यांच्या पिशव्या आणि ओकारीसाठी चार कागदी पिशव्या यांच्या संगतीला. नर्सबाईंच्या फोनने नवा सरळ रस्ता दाखवला. धाकटी म्हणाली, नको, जुन्याने. आणि मग तिचं सुरू झालं. मिठागर आलं, थांबा. जुना पूल आला, थांबा. बस जिथे थांबते तिथे आपणही थांबायचं, तिच्या हिशेबात प्रवास म्हणजे तेवढंच. प्रत्येक ठिकाणी उतरायची, पाटी वाचायची, दोन्ही बाजूंना बघायची आणि परत बसायची. लाकडाच्या वखारीपाशी तर नुसती गंजलेली पत्र्याची शेड होती आणि एक झोपलेलं कुत्रं. धाकटी त्या शेडकडे अशी बघत राहिली, की नर्सबाईंनी तिचा फोटो काढला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वखार आमची होती. मेथी निवडताना पाठ केलेली. तिच्यासमोर उभं राहून फोटो काढणारी ही कोण?

समुद्र चांगला होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दीपगृहावर दोघी चढल्या, मी खाली राहिले. वर दोन डोकी एकमेकींना लागलेली दिसत होती आणि हसण्याचा आवाज येत होता. धाकटी घरी अशी हसत नाही. मी खाली तिघींच्या चपला राखत बसले होते. एकदा मनात आलं, नर्सबाईंची एक चप्पल वाळूत पुरावी. पुरली नाही, पण जागा बघून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. पायथा सोडल्यावर धाकटी पुढचे थांबे मोठ्याने म्हणू लागली आणि बोगद्यानंतर अडली. बोगदा, बोगदा, बोगदा, आणि पुढचं येईना. नर्सबाई म्हणाल्या, फोनमध्ये बघू का? मी मागून म्हटलं, "वरचं टपाल." धाकटीने वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. अर्धा डोंगर चढेपर्यंत मला उलटीची आठवणही झाली नाही.

पण मग त्या दोघी दवाखान्यातल्या जुन्या गमती काढून बसल्या. अमका डॉक्टर, तमका कंपाउंडर. मला त्यातलं कुणी माहीत नाही. मी डोक्यावरून चादर ओढली आणि मागच्या सीटवर आडवी झाले. वहिनी झोपल्या वाटतं, असं कुणीतरी हळू म्हणालं आणि त्यांचं हसणं चालू राहिलं.

वरचं टपाल म्हणजे एक बंद टपालघर, एक चहाची टपरी आणि मागे स्वच्छतागृह. "पाच मिनिटांचा थांबा," धाकटी म्हणाली आणि टपालघराची पाटी वाचायला गेली. नर्सबाई चहा घ्यायला गेल्या. मी कुणाशी न बोलता चादर तशीच उशीवर टाकली आणि मागे गेले. गुडघे माझे असे, की पाच मिनिटांत मला नीट बसून उठताही येत नाही. बाहेर आले तर गाडी नाही.

प्रकार असा झाला होता. धाकटीने घड्याळ पाहिलं, पाच मिनिटं झाली. एकतीस वर्षं तिने पाच म्हणजे पाच केलेली. मागे चादरीचा ढीग होता तो मीच, असं नर्सबाईंना वाटलं. धाकटी म्हणाली, "सोडा." आणि गाडी सुटली.

टपरीवाला म्हणाला, "आजी, त्या दोघी तर गेल्या." मी म्हटलं, बघितलं मी.

बाकावर बसले. माझा फोन पिशवीत आणि पिशवी गाडीत. समोर डोंगरामागे डोंगर होते, लांबचे निळे होत गेलेले. कुणीतरी पैसे खर्चून बघायला यावं असंच ते होतं. मला त्यात आमचं घर दिसत होतं. दोन ताटं मांडायची सवय आणि वाढायचं एकाच ताटात. भांडी आपटली तरी ऐकायला कुणी नाही. टपरीवाल्याने चहा दिला. तो गार झाला तरी मी प्यायले नाही. आधी मला राग आला होता. मग तोही गेला.

अर्ध्या तासाने गाडी आली. पुढच्या थांब्यावर उतरून धाकटीने मला उठवायला चादर ओढली तेव्हा खाली उशी निघाली. गाडी थांबायच्या आत ती दार उघडून उतरली. तिने माझा हात धरला. तिचा हात थंडगार पडला होता. नर्सबाई मात्र सारख्या माफी मागत होत्या. मी म्हटलं, असू दे, वेळेवर सुटलीत ना, बास झालं. शहर येईपर्यंत मी एवढंच बोलले.

शहरातलं घर तिसऱ्या मजल्यावर. खोली मी आधी बघितली, धाकटीच्या आधी, खोड काढायची म्हणून. खोड निघेना. उजेड चांगला होता, पलंगाची गादी बसून पाहिली, घट्ट होती. टेबलावर वाचायचा दिवा. पडदे फिकट हिरवे, धाकटीला आवडतात तसे. मला वाटायचं हे एकट्या मलाच माहीत आहे. खिडकीतून शाळेचं अंगण दिसत होतं. एक मुलगी भिंतीला हात लावत चालली होती, आणि धाकटी खिडकीपाशी उभी राहून तिला बघत होती.

नर्सबाई दूध आणायला खाली गेल्या. मी पलंगावर बसले.

"मला फोनवरचं सगळं ऐकू आलं होतं," मी म्हटलं.

"माहीत आहे मला. डाळ एवढी कुणी धुतं का?"

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, जा की बाई, मला काय. आणि मग महिनाभर भांडी आपटली असती."

हे खरं होतं. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"आता विचारते. जाऊ का, वहिनी?"

सबंध जन्मात मी तिला कधी नको म्हटलं नव्हतं. "नको जाऊ," मी म्हटलं. "मला नाही चालणार. मला त्या बाईचा राग येतो, या पडद्यांचा राग येतो. तू तिच्याजवळ हसतेस, माझ्याजवळ हसत नाहीस."

धाकटीने गादीवरच्या चादरीची सुरकुती काढली. मग म्हणाली, यंत्र आलं त्या दिवसापासून मी घरात तुमच्याशी बोलायला तोंड उघडलं की मला वाटायचं आता बाहेर काही येणारच नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जेवायला वाढलं असतं. त्यावर मला हसू आलं, कारण मी खरंच तेच केलं असतं.

"तुम्ही नको म्हणालात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण मी राहते."

"राहा," मी म्हटलं. त्या क्षणी माझ्या हाताशी एकही भांडं नव्हतं.

परत मला नर्सबाईंनी सोडलं, नव्या सरळ रस्त्याने, एका दिवसात. मी पुढच्या सीटवर बसले. धाकटीची जागा ती, बसल्यावर जरा बरं वाटलं आणि मग वाटेनासं झालं. पुढे बसलं तर गाडी लागत नाही, हा शोध मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी लागला. नर्सबाई म्हणाल्या, तिची काळजी घेईन मी. बोलता बोलता हेही म्हणाल्या की बावीस वर्षं त्या बाकावर त्यांनी माझं एवढं कौतुक ऐकलंय, की कधीकधी चहा कडू लागायचा. मी काचेतून बाहेर बघितलं. मनात म्हटलं, लागू दे.

मग मीच सांगायला लागले. कामाला जायच्या आधी ती खात नाही, आल्यावर लगेच द्या. डाव्या कानाशी बोलू नका, तो अगदीच कामातून गेलाय. घड्याळ काढून ठेवलं की कुठे ठेवलं ते विसरते, फ्रीजवर बघा. रागावली की कपड्यांच्या घड्या घालत बसते, घालू द्यायच्या, तुमच्या कपाटातल्या कपड्यांच्या घातल्या तरी. नर्सबाई मान डोलवत होत्या. एका ठिकाणी गाडी बाजूला घेऊन त्यांनी चक्क लिहून घेतलं.

एक सांगितलं नाही. वर्षातून एकदा, हवा बदलली की, धाकटीचा आवाज पार बसतो. कुजबुजही निघत नाही. डॉक्टरच्या औषधाने तो आठवडाभर येत नाही, माझ्या हातच्या एका काढ्याने दुसऱ्या दिवशी येतो. त्यात काय काय घालायचं ते तिलाही माहीत नाही, एकतीस वर्षं ती डोळे मिटून प्यायली आहे. ते मी नर्सबाईंना सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

हवा आता बदलायला लागली आहे. फोन मी ओट्यावर आणून ठेवलाय. तो वाजेल, मी उचलेन, आणि पलीकडे कुणी काहीच बोलणार नाही. मग मी विचारेन, किती दिवस झाले गं आवाज बसून, आणि पिशवी भरायला घेईन.