आलापल्लीला दम द्यायला गेलो, त्याची गोष्ट

‘मुकादम दर ओंडक्यामागं गड्यायले दम देते, म्हणून गाडी भराले वेळ लागते.’ आलापल्लीच्या आमच्या डेपोतून मुनशीची ही एका ओळीची चिठ्ठी आली आणि तिच्यावरून माझा प्रवास ठरला.

मी नागपूरच्या एका आरागिरणीत हेडमिस्त्री आहे. शाळा चौथीपर्यंत. पुढचे सगळे माझे मी शिकलो: घनफुटाची कोष्टके, कामापुरते इंग्रजी, शुद्ध मराठी आणि योग. गुरू कोण, असे लोक विचारतात. तीन पुस्तके आणि रोजची पहाट, हेच गुरू. दोन वर्षांपासून गिरणीत करवत सुरू होण्याआधी दहा मिनिटे मी कामगारांकडून श्वासाचा अभ्यास करून घेतो. चार मोजून श्वास आत, आठ मोजून बाहेर, आणि माझ्या हातात घड्याळ. तेव्हापासून आमच्याकडे कुणाचे बोट गेलेले नाही, की दुपारच्या सुट्टीत बाचाबाची झालेली नाही. फक्त गणपत म्हणून एक जुना कामगार आहे. भुशाने त्याची छाती धरली आहे. तो मोजणीत मागे पडायचा, खोकायचा, त्यामुळे सगळ्यांचा ताल मोडायचा. त्याला मी ओळीबाहेर बसवले होते.

आमचे मालक मूळचे पुण्याकडचे. चिठ्ठी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “अहो मिस्त्री, हा मुकादम माणसांना धमकावतो म्हणे. तुमचा योग शिकवा त्याला. ऐकले तर ठीक, नाहीतर तिथल्या तिथे काढा आणि दुसरा नेमा. तुम्ही म्हणाल ते.”

एका माणसाची भाकर माझ्या जिभेवर ठेवली गेली होती. मी ती जबाबदारी हलकी मानली नाही. वहीत यम-नियमांचे टाचण काढले आणि त्यात ‘शम’ आणि ‘दम’ या दोन शब्दांखाली दुहेरी रेघ ओढली. दम म्हणजे इंद्रियांचा निग्रह. ज्याला स्वतःला आवरता येत नाही त्याने दुसऱ्याला हाकू नये, हा माझ्या व्याख्यानाचा गाभा. दम देणाऱ्याला दम शिकवायचा! या कोटीवर मी स्वतःवरच खूश होतो.

जाणाऱ्यांनी छोट्या लाईनची गाडी धरावी, असे मी सुचवीन. वर्ध्यावरून मोठी गाडी लवकर पोचवते हे खरे, पण उमरेड, नागभीड, सिंदेवाही, मूल करत चांद्याला जाणाऱ्या या चिमुकल्या गाडीतून जंगल हाताच्या अंतरावर येते. पौषाचे दिवस होते. धान कापून झालेल्या बांध्यांत पांढरे बगळे हिशेबनिसांसारखे गंभीर उभे होते. नागभीडला गाडी इतकी थांबते की उतरून पोहे खाऊन, हात धुऊन, पुन्हा आपली जागा शोधता येते. पोह्यांवर तर्री मागून घ्यावी, आपणहून कोणी घालत नाही. समोर बसलेल्या बाईंनी गाठोडे सोडून मला बोरे दिली आणि विचारले, “कुठी चालले भाऊ?”

“आलापल्लीला. तिथल्या माणसांना योग शिकवायला.”

“अस्सं. तिथी वाघ हायेत म्हनते. त्याइले बी शिकवून येजा.”

सगळा डबा हसला. मीही हसलो, पण जरा उशिरा.

मुक्काम चांद्यात केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आष्टीकडे जाणारी मोटार धरली. वेळ सातची सांगतात, सुटते आठ वाजून दहा मिनिटांनी. पुढच्या बाकावर बसू नये, इंजिनाचा शेक पायांना लागतो. बल्लारशा मागे पडले की रस्त्याची लाल धूळ सुरू होते. टोपी, भुवया, डबा, सगळे एका रंगाचे होते. आष्टीला वैनगंगा आडवी येते. मोटार अलीकडेच राहिली आणि आम्ही नावेतून पलीकडे गेलो. नावाड्याने मला मधोमध बसवले. पाणी इतके नितळ होते की वल्ह्याची सावली तळाच्या वाळूवर चालताना दिसत होती. मी घड्याळ काढून वल्ह्यांचे ठोके मोजले, मग मोजणे सोडून नुसता पाहत बसलो. हे माझ्याकडून क्वचितच होते.

पलीकडे आमच्या डेपोचा ट्रक उभा होता. तिथून आलापल्लीपर्यंत सागाचे जंगल. सागाबद्दल मला कोणी काही सांगू नये, तीस वर्षे मी तो कापतो आहे. पण उभा साग मी असा पाहिला नव्हता. सरळ, शांत, आपल्या जागी. गिरणीत येतो तो याचा फक्त हिशेब असतो.

डेपोचे मुनशी रहीमभाई चांद्याचे. स्वभावाने आणि शरीरानेही ऐसपैस माणूस. त्यांच्याकडे पळसाच्या पत्रावळीवर भात, लाखोळीचे वरण आणि वांग्याची भाजी जेवलो. भाजीवर मूठभर सांबार चिरून घातला होता. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

दुसऱ्या सकाळी मुकादम समोर आला. लचमाभाऊ, साठीच्या आसपास, काटकुळा, डोक्याला मळकट पांढरे फडके. दहा गडी मागे उभे होते. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. धमकावणाऱ्याचे हे तोंड नव्हे असे क्षणभर वाटले. पण माझ्याकडे लेखी पुरावा होता, आणि व्याख्यानही तयार होते.

मी सुमारे वीस मिनिटे बोललो. अहिंसा, सत्य, शम. गडी अदबीने उभे होते. शेवटी मी सरळ मुद्द्यावर आलो. “लचमाभाऊ, आजपासून गड्यांना दम देणे बंद.”

त्याने मान वर केली. “दम नाई देऊ?”

“नाही.”

“एकडाव बी नाई?”

“एकदाही नाही.”

तो रहीमभाईंकडे पाहू लागला. रहीमभाई माझ्याकडे पाहू लागले. मी ठाम होतो. “बरं साहेब,” लचमाभाऊ म्हणाला, “मालकायचा हुकूम.”

ट्रक भरायची तिथली रीत अशी. ट्रकला दोन जाड बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, उतरत्या टेकवतात. ओंडक्याला दोर गुंडाळून काही गडी वरून ओढतात, काही खालून पहारींनी रेटतात. मुकादम स्वतः दोराला हात लावत नाही. बाजूला उभा राहून हाळी देतो, “ओऽऽ हो... हैऽऽ!” आणि ‘है’ला सगळे एकदम जोर करतात. ओंडका हातभर चढला की लाकडाची पाचर मारून थोपवायचा आणि पुन्हा हाळी. मी घड्याळ काढले. हाळीमागून हाळी पडत होती. पहिला ओंडका झरकन वर गेला. दुसराही. मी वहीत वेळ लिहिली आणि रहीमभाईंना दाखवली. ते खालच्या गड्यांकडे पाहत होते.

चौथ्या ओंडक्याला, बल्लीच्या मध्यावर, खालच्या एका गड्याचे गुडघे वाकले. पहार सुटली. ओंडका एका अंगाने मागे फिरला. लचमाभाऊ माझ्या अपेक्षेच्या चौपट वेगाने धावला आणि पायाने पाचर आत सारली. ओंडका करकरत थांबला. त्या गड्याच्या पिंढरीपासून वीतभर. सगळे जागच्या जागी उभे. मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

“काऊन थांबला नाहीस?” मी ओरडलो. शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली होती. “गड्याले धाप लागून राह्यली, दिसत नाही तुले?”

“दिसून राह्यली होती ना साहेब,” लचमाभाऊ शांतपणे म्हणाला. “पन तुमीच म्हनले, दम देऊ नको.”

रहीमभाईंनी कपाळावर हात मारला. “या अल्ला! मिस्त्रीजी, मी चिठ्ठीत काय लिवलं होतं? दम देते म्हंजे थांबवते! सुस्ताऊ देते! बैलाले नाई का आपन दम देत?”

वाचकहो, माझे वडील बैलबंडी चालवत. उमरेडच्या रस्त्यावर चढ लागला की ते खाली उतरत आणि मला सांगत, “बैलाले दम दे रे बापू.” मी चाकाखाली दगड लावायचो आणि आम्ही चौघे, दोन माणसे आणि दोन बैल, गप्प उभे राहायचो. हा शब्द मी आईच्या दुधाबरोबर प्यालो होतो. पुढे पुस्तके वाचली, भाषा घासूनपुसून घेतली, आणि त्या घासण्यात तो अर्थ निघून गेला. मालकांना तो ठाऊक नसणे समजू शकते. मला ठाऊक नव्हता असे म्हणायची सोय नाही.

मी सगळ्यांसमोर लचमाभाऊंची माफी मागितली. ज्याचे गुडघे वाकले होते त्या गड्याचीही. लचमाभाऊंनी फडक्याने तोंड पुसले. “होते साहेब. शब्दच तसा हाये. माह्या बायकोले मी दम देतो म्हनलो तर ते लाटनं उचलते.” गडी खो खो हसले. मग लचमाभाऊ म्हणाले, “आता देऊ का?”

“द्या,” मी म्हणालो.

त्या दिवशी आणि पुढचा पूर्ण दिवस मी ट्रकशेजारी एका ठोकळ्यावर बसून पाहिले. वही उघडी, टाचण मिटलेले. लचमाभाऊ प्रत्येक ओंडक्यानंतर थांबत, पण थांबणे दर वेळी सारखे नसे. कधी पाच श्वासांचे, कधी वीस. त्यात मला काही नियम सापडेना आणि नियम सापडला नाही की मला जेवण जात नाही. शेवटी विचारले, “हाळी कधी द्यायची हे कसे ठरवता?”

“ज्याचा दम सगळ्याइच्या मागून येते, त्याले पाहतो. त्याचा आला की हाळी.”

“आणि तो ‘आला’ हे कसे कळते? तो सांगतो?”

“तो काय सांगन! गडी हाये, म्हनन मी तयार हाओ. तोंडाकडं नाई पाहा लागत साहेब. पोटाकडं पाहा. तोंड खोटं बोलते, पोट नाई बोलत.”

मी पाहिले. उघडी पोटे, घामाने चमकणारी. नऊ पोटे स्थिर झाली होती, एक अजून भात्यासारखे हलत होते. लचमाभाऊंच्या ओठांवर हाळी आलेली मला दिसत होती, आणि ते ती आवरून धरत होते. एवढ्यात ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला. ते ढिम्म. दहावे पोट शांत झाले. “ओऽऽ हो... हैऽऽ!” ओंडका कापसाच्या गाठोड्यासारखा वर गेला.

माझ्या वहीत दुहेरी रेघ ओढलेला ‘दम’ तो हाच होता. मी तो या मुकादमाला शिकवायला निघालो होतो, आणि इथे हाळी देणारा माणूस तो स्वतःवर चालवत होता. संध्याकाळी मी मोजणी तपासली. आज दम देऊन भरलेला ट्रक काल दम न देता भरायला घेतलेल्या ट्रकपेक्षा कमी वेळात निघाला होता, कारण कालच्या ट्रकचा अर्धा दिवस मागे फिरलेला ओंडका सरळ करण्यात गेला होता. आकडे खोटे बोलत नाहीत. पोटासारखेच.

निघताना लचमाभाऊंनी मोहफुलांचा लाडू पानात बांधून दिला. “साहेब, तो तुमचा योग राह्यलाच शिकवाचा.”

“राहिला,” मी म्हणालो. “तुम्हाला येतो.”

परतीची वाट तीच, नाव तीच, धूळही तीच. आलापल्लीला जायचे तर पौषात जावे, दोन पांघरुणे न्यावी, आणि तिथल्या बोलीतला शब्द ओळखीचा वाटला तरी एकदा विचारून घ्यावा.

नागपूरला मालक दारातच भेटले. “काय मिस्त्री, दिलात का त्या मुकादमाला दम?”

“नाही,” मी म्हणालो. “घेऊन आलो.” मग बसून सगळे सांगितले, माझी चूकसुद्धा. मालक बराच वेळ हसले आणि मग गंभीर झाले. लचमाभाऊ आहेत तिथेच आहेत. ट्रकच्या ड्रायव्हरला मात्र भोंगा न वाजवण्याची ताकीद गेली.

दुसऱ्या सकाळी गिरणीत मंडळी ओळीत बसली. मी गणपतला कोपऱ्यातून उठवले आणि पहिल्या ओळीत, बरोबर माझ्यासमोर आणून बसवले. तो कावराबावरा झाला. त्याला वाटले, आता सगळ्यांसमोर बोलणी खायची. मी श्वास आत घ्यायला सांगितला आणि मोजणी केलीच नाही. गणपतच्या पोटाकडे पाहत राहिलो. मध्ये त्याला खोकला आला. सगळे थांबलो. खोकला संपला, पोट खाली बसले, तेव्हाच पुढचा श्वास घ्यायला सांगितला. दहा मिनिटांची तेरा झाली.

उठताना गणपत जवळ आला. “मिस्त्री, आज घड्याळ घरी राह्यलं का जी?”

“नाही रे,” मी म्हणालो. “खिशात आहे.”