जांभळाला नेसवलेलं लुगडं

प्रवरेच्या काठावर साळिंदरं परत आली. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तरुणपणी गावानं शिकार करून ती संपवली होती. आता ऊस थेट पाण्यापर्यंत गेलाय, शिकारीला बंदी आहे, त्यांना लपायला जागाच जागा. काठावरच्या करंजांच्या बुंध्यांची साल त्यांनी गोल सोलून खाल्ली आणि ती झाडं उभ्या उभ्या वाळली.

मला धास्ती एकाच झाडाची होती. आई गेली तेव्हा आबांनी तिची राख नदीत सोडू दिली नाही. आमच्या बांधाला, वाटेच्या कडेला खड्डा घेतला, त्यात राख टाकली आणि वर जांभूळ लावलं. रोज सकाळी तिथं बसून ते तिला आदल्या दिवशीचं सगळं सांगत.

मी शिर्डीहून, सासरहून आले आणि नेहमीसारखा कारभार हातात घेतला. आमच्याकडं रानडुकरं बुजावीत म्हणून पिकाभोवती जुन्या साड्या बांधतात. मी ट्रंकेतून आईचं हिरवं लुगडं काढलं आणि बुंध्याला नेसवल्यासारखं, पार जमिनीपर्यंत सैलसर गुंडाळलं.

"उघडंच राहू दी," आबा म्हणाले. "मी रोज बघतो. काय झालं तर कळंल."

"तुम्हाला काही कळत नाही," मी म्हणाले. आयुष्यभर मी त्यांना असंच फाडकन बोलत आले.

दिवाळीला आले तर जांभळाची पानं करपलेली. मी तशीच खाली बसले, लुगडं वर केलं. वीतभर साल चारही बाजूंनी गेलेली, उघड्या लाकडावर दातांच्या खुणा. मी केलेल्या आडोशात साळिंदरानं निवांत खाल्लं होतं.

मी भडकले. "रोज इथं बसता ना? एकदा खाली बघता आलं नाही?"

"सालीचं तुकडं दिसत हुतं," आबा म्हणाले. "एक काटाबी घावला हुता."

"मग लुगडं वर करून का नाही बघितलं?"

ते नदीकडं बघत राहिले. "वाट हाय ही. चार मान्सं येत्यात-जात्यात. तिचं लुगडं कसं वर करू मी?"

लुगड्याचा काठ माझ्या हातात अजून तसाच वर धरलेला होता. मी तो खाली सोडला.